शिवराज पाटील चाकूरकर राज्यपाल कसे झाले? हरलेल्या नेत्याची सोय म्हणूनच हे पद देतात का?

खरं तर राजकारणावरच्या प्रश्नांना मी उत्तर देत नसतो, पण तुम्ही प्रश्नाच्या खाली जे लिहिलंय ना, "तेच ना ते, कपडे बदलणारे गृहमंत्री?", तेवढ्यासाठी लिहायलोय. मी लातूरचा. आमचे वडील गंजगोलाईत, म्हणजे इथल्या मुख्य बाजारपेठेत, टेलर. त्यामुळं हा विषय आमच्या घरात राजकारणाचा नाहीच, धंद्याचा आहे.

आधी कारकीर्द पटकन सांगून टाकतो. 1935 चा जन्म, चाकूरचा. उस्मानियातून बीएस्सी, मग मुंबईला वकिली शिकले, लातूरचे नगराध्यक्ष झाले, 1973 ला आमदार, 1978-79 ला विधानसभेचे अध्यक्ष. 1980 पासून 1999 पर्यंत लातूरनं त्यांना सात वेळा सलग खासदार केलं. सात! मधल्या काळात इंदिरा गांधी, राजीव गांधी दोघांच्या सरकारात मंत्री, आणि 1991 ते 1996 लोकसभेचे अध्यक्ष. मग 2004 ला पडले, तरी गृहमंत्री झाले, 26/11 नंतर राजीनामा, 2010 ला पंजाबचे राज्यपाल. एवढं तर कुठंही मिळंल तुम्हाला.

आता 2004 चं. त्यांना पाडलं भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकरांनी. सासरे काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री आणि सून भाजपची खासदार, आमच्या जिल्ह्यात हे असंच असतंय, बाहेरच्यांनी फार डोकं लावू नये. मी तेव्हा 19 वर्षांचा, पहिलं मत. आणि ते मत मी रूपाताईंना दिलं. काही विचार वगैरे करून नाही, सगळी पोरं बोलत होती की 24 वर्षं एकच माणूस दिल्लीला पाठवलाव आपण, आता बास. अण्णांना (वडिलांना) सांगायची हिंमत नव्हती. 13 मे ला निकाल लागला त्या दिवशी अण्णांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि मशीनवर नुसते बसून राहिले, मी चहा नेऊन दिला, तोंड वर न करता.

अण्णा काही काँग्रेसचे कार्यकर्ते नव्हते. सायबांचे कपडे आमच्याकडं कधी शिवायला आले नाहीत. पण अण्णांच्या दृष्टीनं मराठवाड्यातून दिल्लीला गेलेला कडक इस्त्रीचा एकच माणूस, तो म्हणजे चाकूरकर. बंदगळा शिवायला कुणी आलं की अण्णा म्हणायचे, गळपट्टी चाकूरकरांसारखी बसली पाहिजे, आत बकरम (कडक अस्तर) कंजूषपणा न करता घालायचं. पुढारी म्हणजे धोतर नाहीतर चुरगळलेला खादीचा नेहरू शर्ट, ही जी लोकांची समजूत, तिचा त्यांना भयंकर राग. शेतकऱ्याच्या पोरानं नीट कपडे घालू नयेत असं कुठं लिहिलंय, हे त्यांचं कायमचं वाक्य.

आता तो दिवस. 13 सप्टेंबर 2008, शनिवार, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. ताई आणि दाजी नांदेडहून गणपतीला आलेले, मी पुण्याहून. संध्याकाळी दिल्लीत बॉम्बस्फोट. टीव्ही लावून सगळे बसलेलो. आणि मग त्या चॅनलवाल्यांनी ते सुरू केलं, की एका संध्याकाळीत गृहमंत्री तीन वेगवेगळ्या कपड्यांत दिसले, हा बघा पहिला ड्रेस, हा दुसरा, हा तिसरा, गोल करून, बाण दाखवून. दाजी हसायला लागले. दाजी नांदेडचे, शंकरराव चव्हाणांचे कट्टर, त्यांचं एकच, "आमच्या शंकररावांनी जायकवाडी आणलं, तेही गृहमंत्री होते, त्यांचे कपडे कुणाला आठवतात का?" अण्णांच्या गळ्यात टेप तसाच होता. ते म्हणले, "मयताच्या घरी जाताना मळके कपडे बदलून जातेत का तसंच जातेत?" दाजी म्हणले, "अण्णा, माणसं मरायलीत आणि तुम्ही कपड्याचं बोलायलाव." अण्णा म्हणले, "मी बोलायलोय? टीव्ही बोलायलाय." आणि उठून दुकानात गेले. रात्री नऊ वाजता. गणपतीची आरती त्यांच्याशिवाय झाली.

मला त्या वादात आजही वाटतंय की दोघंही अर्धे बरोबर होते. कपडे हा मुद्दाच नव्हता. मुद्दा हा होता की त्या वर्षी जयपूर, बेंगळुरू, अहमदाबाद, दिल्ली असे एकामागून एक स्फोट झाले आणि गृहमंत्र्याचा वचक कुठं दिसत नव्हता. वचक दिसत नसला की लोक कपडे बघतात. पण हे मी तेव्हा बोललो नाही, प्रसाद वाटत होतो.

मग नोव्हेंबर. 26/11 झालं, 30 तारखेला रविवारी सायबांचा राजीनामा. दाजींचा फोन आला, मलाच, मुद्दाम. मग विलासरावांचंही मुख्यमंत्रिपद गेलं, म्हणजे एका झटक्यात देशाचा गृहमंत्री आणि राज्याचा मुख्यमंत्री, दोघंही लातूरचे, दोघंही घरी. आणि मुख्यमंत्र्याच्या जागेवर कोण? अशोकराव चव्हाण. नांदेड! 8 डिसेंबरला दाजींचा परत फोन, "लातूरचं गेलं, नांदेडला आलं." त्या दिवशी मी पुण्यात रूमवर जेवलो नाही, खरं सांगतो, ज्या माणसाला मी स्वतः मत दिलं नव्हतं त्याच्यासाठी.

आता तुमच्या राज्यपालपदाकडं येतो. जानेवारी 2010 ला पंजाबची नेमणूक झाली. मी सुट्टीला घरी. अण्णांनी गोलाईत ओळखीच्या दुकानदारांना पेढे वाटले आणि घरी येऊन मला म्हणले, "बघ, शेवटी कदर झालीच." मला काय झालं माहीत नाही, दाजींचा राग असंल, मी म्हणलो, "अण्णा, कदर कसली, सोय आहे ही. लोकांनी पाडलेल्या माणसाला राज्यसभेतून आणून गृहखातं दिलं, ते झेपलं नाही म्हणून काढलं, आता राजभवन दिलंय. आणि लोकांनी म्हणजे मीपण. 2004 ला माझं मत रूपाताईंना होतं."

अण्णा काही बोलले नाहीत. मे महिन्यात माझं लग्न होतं. गोलाईतल्या निम्म्या नवरदेवांचे कोट अण्णांनी शिवलेले, माझा शिवला नाही. "पुण्यात चांगले रेडिमेड मिळतात," एवढंच. मी आणला रेडिमेड, उजवा खांदा एक बोट उतरलेला. अख्ख्या लग्नात अण्णांची नजर त्या खांद्यावर, अक्षता टाकतानासुद्धा.

तर उत्तर. हो, राज्यपालपद ही बहुतेक वेळा सोयच असते आणि सगळ्याच पक्षांची असते. नेमणूक राष्ट्रपतींच्या सहीनं, पण नाव ठरवतंय केंद्र सरकार. पद पाच वर्षांचं म्हणतात पण ते राष्ट्रपतींच्या मर्जीवर, म्हणजे परत केंद्राच्याच. गंमत बघा, 2004 ला सरकार बदललं तेव्हा जुलैमध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा, गुजरात, गोवा असे चार राज्यपाल एका फटक्यात काढले, आणि तेव्हा गृहमंत्री होते खुद्द चाकूरकर. त्यावरून सुप्रीम कोर्टात केस गेली, 2010 ला निकाल आला की सरकार बदललं एवढ्याच कारणावरून राज्यपाल काढता येत नाही. आणि 2014 ला परत सरकार बदललं, काँग्रेसच्या काळातले कितीतरी राज्यपाल गेले, केरळच्या शीला दीक्षित गेल्या, आपले महाराष्ट्राचे शंकरनारायणन यांची मिझोरामला बदली केली तर त्यांनी राजीनामाच दिला. चाकूरकर मात्र जानेवारी 2015 पर्यंत, पूर्ण पाच वर्षं, चंदीगडला बसून होते. अण्णांनी मला तेव्हा फोन केला, मुद्दाम. "काढलं का रे?" एवढंच विचारलं आणि ठेवला.

पंजाबचा राज्यपाल चंदीगडचा प्रशासकही असतोय, तिथं विधानसभा नाही, त्यामुळं ते काम खरं काम असतंय, नुसतं फीत कापणं नाही. वर राजस्थानच्या राज्यपाल प्रभा राव वारल्यावर 2010 ते 2012 तिथलाही कारभार त्यांच्याकडंच होता. आणि पंजाबात सरकार बादलांचं, अकाली-भाजपचं, म्हणजे विरोधी पक्षांचं. कोश्यारींचा काळ आपण बघितलाय, पहाटेची शपथ बघितलीय, त्यामुळं ज्या राज्यपालाचं नाव पेपरात रोज येत नाही तो बरा, असं माझं मत.

पण त्यांना आठवायचं तर राजभवनासाठी नाही आणि गृहखात्यासाठी तर नाहीच. लोकसभेच्या खुर्चीसाठी आठवा. खात्यांनुसार स्थायी समित्या (एकेका खात्याचं काम तपासणाऱ्या खासदारांच्या समित्या) 1993 ला सुरू झाल्या, ते अध्यक्ष असताना. प्रश्नोत्तराचा तास टीव्हीवर थेट दिसायला लागला तोही त्यांच्याच काळात. बाबरी, अविश्वास ठराव, असल्या सभागृहात आवाज न चढवता पाच वर्षं काढली. तो स्वभाव अध्यक्षाला शोभला, गृहमंत्र्याला नडला. पक्षानं चूक केली ती तिथं.

हां, एक कबूल करतो, राज्यसभेतून मंत्री होण्यात बेकायदा काहीच नाही. अण्णा म्हणायचेच, "मग मनमोहनसिंग कुठून आले?" तेही 1999 ला दक्षिण दिल्लीत पडलेच होते. याला माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं.

12 डिसेंबर 2025 ला चाकूरकर गेले, लातूरलाच. अण्णा आता 78 वर्षांचे, मशीनवर बसत नाहीत. बातमी ऐकल्यावर त्यांनी पांढरा शर्ट काढायला सांगितला, इस्त्री बघितली, परत करायला लावली, मग बाहेर पडले.

पात्रता राहिली सांगायची: भारताचा नागरिक आणि 35 पूर्ण, बास. तुम्ही पण होऊ शकताव. आणि दाजी, हे वाचत असाल तर, नांदेडला आलेलं ते मुख्यमंत्रिपद नोव्हेंबर 2010 ला आदर्श घोटाळ्यात गेलं. चाकूरकर तेव्हा राजभवनातच होते.