स्नोबोर्ड, पीपीएफ आणि अर्जातली एक टिक

प्रश्न : बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. वय 53, खासगी नोकरी, 58 ला निवृत्ती. मुलगी 19 वर्षांची. गुलमर्गला स्नोबोर्ड शिकली, खेलो इंडियात जायंट स्लॅलमला (खुणांना वळसे घालत उतारावरून खाली यायची शर्यत) उतरली. ऑस्ट्रियातली एक अकादमी एका हिवाळ्याचे 11 लाख मागते आणि 'याच वर्षी या' म्हणते. पीपीएफची 15 वर्षं मार्चअखेर पूर्ण झाली, 24 लाख आहेत. काढू का? दोन वर्षांत प्रायोजक मिळतीलच. तिच्या नावावर 'गॅरंटीड' पॉलिसी आहे, दोन हप्ते भरलेत. प्रत सोबत जोडली आहे. मेडिक्लेम ऑफिसचा, 5 लाखांचा.

उत्तर : पीपीएफचं नंतर बघू. आधी ती प्रत. प्रस्ताव अर्जात 'धोकादायक खेळ खेळता का?' या प्रश्नापुढे एजंटाने 'नाही' वर टिक केली आहे आणि खाली तुमच्या मुलीची सही आहे. तेव्हा ती बर्फावरच होती! पहिली तीन वर्षं विमा कंपनी अशा लपवाछपवीवरून दावा फेटाळू शकते. तुमची दोनच झालीत.

बरं, पॉलिसी तरी कशी? दीड लाख दहा वर्षं, म्हणजे 15 लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर 25 लाख घ्यायचे. हा परतावा जेमतेम 5 टक्के. तेच पैसे 7 टक्क्यांनी 31 लाख होतात. आज सरेंडर करून, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद करून, भरलेल्यातले निम्मेच हाती आले, तरी ते आणि उरलेले हप्ते 7 टक्क्यांनी 26-27 लाखांवर जातात. सरेंडर व्हॅल्यू लेखी मागवा आणि मोकळे व्हा. शिवाय कमावणारे तुम्ही आणि विमा मुलीचा, हे उलटंच झालं. तुमच्या नावावर 50 लाखांचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) काढा, त्या अर्जात सगळं खरं लिहून.

आता मेडिक्लेम. बाजारातल्या पॉलिसींमध्ये एक ठरलेली अट असते : धाडसी खेळात व्यावसायिक म्हणून उतरताना झालेल्या दुखापतीचा खर्च मिळत नाही. म्हणजे मुलगी खरोखर प्रोफेशनल झाली की नेमका त्याच खेळातला खर्च तुमच्या खिशातून. ऑफिसचा विमा नोकरीबरोबर जाईल, आणि परदेशातल्या उपचारांचं काय हे तुम्ही विचारलेलंच दिसत नाही. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणायचं झालं तर बिल लाखांत जातं. स्पर्धा आणि सराव दोन्ही धरणारा हिवाळी खेळांचा विमा मिळाल्याशिवाय तिकीट काढू नका. साधा प्रवासविमा इथे कामाचा नाही.

प्रायोजकांच्या आशेवर मी एक रुपयाही धरणार नाही. स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये 1998 पासून आहे. 2022 च्या बीजिंगला भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, तोही स्कीइंगचा. बोर्ड आणि कपड्यांच्या कंपन्या नाव झालेल्यांमागे जातात. नाव होईपर्यंतचं तिकीट, प्रशिक्षक, बोर्डाचं वॅक्स, प्रवेशशुल्क घरचं. असे चार हिवाळे धरा : 44 लाख. तुमच्याकडे आहेत 24.

आणि 'याच वर्षी' ही घाई अकादमीची, खेळाची नाही. समांतर जायंट स्लॅलममध्ये (दोघे शेजारी-शेजारी उतरतात ती शर्यत) तिशीतले खेळाडू सर्रास असतात. बीजिंगला ऑस्ट्रियाची क्लॉडिया रीगलर 48 व्या वर्षी उतरली होती. या वर्षी पूर्ण हंगाम गुलमर्गलाच करू द्या, जमलं तर शेवटी तीन-चार आठवडे युरोप. तीन लाखांत बसवा, आणि ते पीपीएफमधून नको, बंद झालेल्या हप्त्यांतून आणि सरेंडरच्या पैशांतून.

पीपीएफ पाच वर्षं वाढवा. 24 चे साधारण 34 लाख होतील, तेही करमुक्त, नेमके निवृत्तीच्या वेळी. मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत बँकेत अर्ज द्यावा लागतो, नाहीतर त्या खात्यात नवे पैसे भरता येत नाहीत. एजंटाला पाठवू नका, स्वतः जा.