तोफखान्यात खरंच गणित चालतं का, की दोन-तीन गोळे अंदाजाने मारून निशाणा जुळवतात? आणि ४५ अंशांवर गोळा सर्वांत लांब जातो हे खरं आहे का?

अंदाजाने म्हणे. मी तोफखान्यात टीए होतो, म्हणजे टेक्निकल असिस्टंट, कमांड पोस्टमध्ये बसून हिशेब करणारा. हाच प्रश्न मला घरच्या पंगतीत विचारला गेलाय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी ४५ अंश. अकरावीच्या पुस्तकातलं उत्तर हवा नसलेल्या जगाचं आहे. १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा मोठ्या चार्जवर, म्हणजे मागे जास्त स्फोटक दारू भरून, सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटतो. वेगाचा वर्ग भागिले जी (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) केलं की पल्ला येतो ६५ किलोमीटर. म्हणजे साताऱ्यातून दक्षिणेला मारला तर कराड ओलांडून पडायला हवा. साधा गोळा प्रत्यक्षात जातो २४ किलोमीटरच्या आसपास, उंब्रजसुद्धा गाठत नाही. मधलं सगळं हवेने खाल्लं. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्याने लंबकावर गोळ्या मारून वेग मोजले आणि हवेचा विरोध केवढा जबर असतो हे १७४२ मध्येच लिहून ठेवलं. आपल्याकडे अजून क्लासमध्ये 'हवेचा विरोध नगण्य धरा' चालू आहे.

वेगवान, लांब पल्ल्याच्या तोफेला ४५ पेक्षा थोडा जास्त कोन फायद्याचा ठरतो, कारण गोळा लवकर विरळ हवेत पोचतो. १९१८ मध्ये जर्मनांनी सव्वाशे-एक किलोमीटरवरून पॅरिसवर मारा केला, त्या तोफेची नळी पन्नास अंशांच्या वर उचललेली असे. पण रोजच्या कामात सर्वांत लांब मारायचंच नसतं. लक्ष्य अमुक अंतरावर आहे, मधे डोंगर आहे, मग चार्ज किती घ्यायचा आणि कोन कोणता, हा खरा प्रश्न. एकाच चार्जवर एकाच अंतराला दोन कोन मिळतात, एक खालचा, एक वरचा. डोंगराआड टाकायचा तर वरचाच. बोफोर्सची नळी ७० अंशांपर्यंत उठते ती उगाच नाही.

आता अंदाजाचं. माझे साडू मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. वयाने मोठे, हुद्द्याने मोठे. साताऱ्याकडे फौजी म्हटलं की मराठा रेजिमेंट, आणि गनर, म्हणजे तोफखान्यातला माणूस म्हटलं की "म्हंजे मागं असता व्हय तुम्ही?" कोरेगाव तालुक्यात त्यांच्या गावच्या यात्रेला आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. त्यांची मुलगी बारावी सायन्सला. तिने मला प्रोजेक्टाइलचं काहीतरी विचारलं, तर सुभेदार मधेच, "अगं, ह्येंचं काय गणित! एक मारायचा लांब, एक मारायचा जवळ, मग मधी टाकला की लागतोच." सगळी पंगत हसली. भाकरी कुस्करता कुस्करता मीही हसलो असतो, पण पोरगी माझ्याकडे बघत होती.

त्यांनी सांगितलं ते घडतं, नाकारत नाही. ओपीवरचा, म्हणजे पुढे बसून लक्ष्यावर नजर ठेवणारा अधिकारी 'अ‍ॅड ४००', 'ड्रॉप २००' करत, म्हणजे चारशे मीटर पुढे, दोनशे मीटर मागे असं सांगत कंस आवळत आणतो. पण पहिला गोळा लक्ष्याच्या दोन-चारशे मीटरात पडला तरच कंस आवळता येतो. दहा-पंधरा किलोमीटरवर, न दिसणाऱ्या ठिकाणी, पहिलाच गोळा तिथे जातो कसा? ते काम कमांड पोस्टचं.

ताट बाजूला सारून पत्रिकेच्या पाठीमागे मी तिला लिहून दाखवलं. रेंज टेबल, म्हणजे कोणत्या चार्जला, कोणत्या कोनावर गोळा किती लांब जातो त्याचा तक्ता, ठरावीक हवेसाठी बनलेलं असतं, तशी हवा जगात कुठेच नसते. मग फुगा सोडून वरच्या थरांतला वारा, तापमान, हवेची घनता घेतात, तो मेट मेसेज. लांब पल्ल्याचा गोळा सहा किलोमीटरच्याही वर जाऊन येतो, मिनिटभराहून जास्त हवेत असतो, त्यामुळे जमिनीवरचा वारा बघून भागत नाही. नळी झिजली की वायू बाजूने निसटतो आणि वेग घटतो. बॅटरीतल्या, म्हणजे आमच्या तुकडीतल्या सहाही तोफांची झीज वेगळी, म्हणून प्रत्येकीची दुरुस्ती वेगळी. गोळ्यांच्या वजनातही फरक असतो, त्याच्या खुणा गोळ्यावरच रंगवलेल्या असतात. गोळा उजवीकडे फिरत जातो म्हणून उजवीकडे सरकतो. पृथ्वीच्या फिरण्याचीही दुरुस्ती टेबलात असते.

आणि दारूचं तापमान. राजस्थानात मे महिन्यात फायरिंग चालू होतं. दुपारी एका तोफेचे गोळे बाकीच्यांच्या पुढे पडायला लागले. सगळे त्या तोफेच्या नंबर वनवर, म्हणजे तोफेच्या प्रमुखावर घसरले, साइट तपासा, लेव्हल तपासा. मी फक्त विचारलं, चार्जच्या पेट्या कुठे आहेत? उन्हात, ताडपत्री सरकलेली. तापलेली दारू भरभर जळते, दाब वाढतो, वेग वाढतो. लांब पल्ल्यावर वेग सेकंदाला एका मीटरने वाढला तर गोळा वीस-तीस मीटर पुढे जातो, इथे तर कितीतरी मीटरांचा फरक होता. पेट्या सावलीत घेतल्या, थर्मामीटर लावला, त्या तोफेला वेगळी दुरुस्ती दिली आणि गोळे परत रांगेत आले.

"पण काका, हे टेबल आलं कुठून?" पोरीने विचारलं. फायरिंग करून करून. आपल्याकडे ओडिशात चांदीपूरला त्यासाठी प्रूफ रेंज आहे, तोफा आणि दारूगोळा तिथे तपासतात. पण प्रत्येक कोनाला, प्रत्येक चार्जला गोळा उडवणं शक्य नाही, मधलं सगळं आकडेमोडीने भरावं लागतं. त्या आकडेमोडीपायी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने एनिअ‍ॅक हा इलेक्ट्रॉनिक संगणक बनवायला घेतला, तो पुरा झाला १९४५ मध्ये. मी म्हणालो, "तू ज्या कॉम्प्युटर ब्रँचला जायचं म्हणतेस ना, तिच्या मुळाशी गनरच आहेत." पंगत गप्प.

सुभेदार मात्र गप्प बसले नाहीत. "पाव्हणं, येवढं गणित हुतं, तर त्या रात्री आमच्या मोर्च्यापाशी आपलाच गोळा कसा पडला?" हा त्यांचा जुना सल. पहाडी पोस्टवरची गोष्ट, कोणी मेलं नाही, पण विसरले नाहीत ते. त्यावर मी तिथे जे बोललो तेच इथे लिहितो. त्याच तोफेतून, त्याच कोनाने, त्याच चार्जने दहा गोळे मारा, दहा जागी पडतील. पल्ल्याच्या दिशेने जास्त पांगतात, आडवे कमी. हे पांगणं टेबलात आकड्यांसकट छापलेलं असतं. म्हणूनच आपली माणसं माऱ्याच्या जागेपासून कित्येक शे मीटर लांब ठेवतात. ४३ किलोच्या गोळ्यात स्फोटक जेमतेम सात किलो असतं, बाकी पोलाद, आणि लांबवर माणसं मारतं ते पोलादच. डोंगरात तर आणखी अवघड. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांवर येते, गोळा जास्त लांब जातो, आणि लक्ष्य मागच्या उतारावर असलं की थोडा लांब गेला तरी थेट दरीत. कारगिलला हेच सगळं सांभाळून आपल्या तोफखान्याने अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागले, आणि शिखरं चढणाऱ्या पायदळानेच त्याची तारीफ केली. हे सुभेदारांना मान्य आहे, फक्त माझ्यासमोर नाही.

तुम्ही भरतीच्या तयारीत असाल तर त्रिकोणमिती आणि मोठ्या आकड्यांची तोंडी आकडेमोड पक्की करा. इन्फंट्रीतल्या नातेवाइकांना गनरचं काम काय असतं हे विचारायला जाऊ नका. त्यांना दिसतो तो फक्त शेवटचा गोळा.

दोन गोष्टी राहिल्या. आता जीपीएस आहे, वेग मोजणारं रडार तोफेवरच बसतं, संगणक सगळं सेकंदात काढतो, त्यामुळे माझ्या वेळची कागद-पेन्सिल आज बॅकअपलाच असेल. आणि वरचे आकडे साध्या गोळ्याचे आहेत. बेस ब्लीडचा गोळा बुडातून वायू सोडत मागची पोकळी भरत जातो, म्हणून तो तीस किलोमीटरच्या घरात पोचतो.

सुभेदार हे वाचतील, कारण त्यांची पोरगी त्यांना पाठवणारच. तर सुभेदारसाहेब, त्या रात्री मेट मेसेज किती तासांचा जुना होता, हे त्या वेळच्या कमांड पोस्टमधल्या कोणालातरी आधी विचारा. संध्याकाळची हवा आणि पहाटेची हवा पहाडात एक नसते. मग घाला शिव्या गनरला.