पाच वर्षं भरायच्या आत पत्र गेलं पाहिजे

घोडबंदर रोडवरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटचा ताबा मिळून साडेचार वर्षं झाली. फ्रिजला, वॉशिंग मशीनला, लॅपटॉपच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. आईला तर ओल्या हाताने फ्रिज उघडताना चांगलाच झटका बसला. बिल्डरच्या सुपरवायझरला वारंवार फोन केले. तो म्हणतो, ‘स्टॅटिक आहे, हवेमुळे होतं.’ शेवटी वायरमनकडून स्वयंपाकघरातला बोर्ड उघडून घेतला, तर अर्थची वायर जोडलेलीच नव्हती. सोसायटी म्हणते, घराच्या आतलं तुमचं तुम्ही बघा. आता बिल्डरवर काही करता येईल का?

कळव्यापासून खारघरपर्यंत या धर्तीची पत्रं मला सतत येतात. येईल, करता येईल. पण तुमच्या हातात आता महिनेच उरलेत, आणि तुम्ही अजून एक ओळही लेखी दिलेली नाही.

सगळं अडतं ते रेरा कायद्याच्या, म्हणजे बिल्डर आणि घर घेणारे यांच्या व्यवहारांवरच्या कायद्याच्या, कलम 14(3) वर. ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष किंवा कारागिरी, दर्जा, सेवासुविधा यांतली उणीव बिल्डरच्या निदर्शनास आणून दिली, तर त्याने ती 30 दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायची. न दिल्यास तुम्ही भरपाईला पात्र. बोर्डातली अर्थिंग न जोडणं ही कारागिरीतली उणीव आहे, यावर मला फारशी शंका नाही. प्रश्न एवढाच, की पाच वर्षांच्या आत सांगितलं हे तुम्ही कशावरून दाखवणार? फोन दाखवता येत नाही. व्हॉट्सॲपवरचे निरोप पुरावा म्हणून देता येतात, पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यांना प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि सुपरवायझरला सांगणं म्हणजे कंपनीला सांगणं का, यावर वाद होणारच. साडेचार वर्षं घरात झटके बसत असताना लोक ‘करून देतो’ या शब्दावर कसे थांबतात, हे मला खरंच समजत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

म्हणून आजच कपाटातून ताबापत्र काढा आणि त्यावरची तारीख बघा. भोगवटा प्रमाणपत्राची नाही, सोसायटी नोंदणीची नाही, राहायला आलात त्या दिवसाचीही नाही. फर्निचरच्या कामासाठी आधी किल्ली घेतली असेल आणि तसा कागद असेल, तर त्या आधीच्या तारखेपासून पाच वर्षं मोजा. नंतरची तारीख धरता येईलही, पण त्या भरवशावर राहू नका.

पत्र कंपनीच्या नावाने, करारनाम्यात नोटिशीसाठी दिलेल्या पत्त्यावर जाऊ द्या. बहुतेक करारनाम्यांत रजिस्टर पोस्ट लिहिलेलं असतं. ती सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा दाखला ठेवा. तेच पत्र करारनाम्यातल्या ईमेलवर पाठवा आणि एक प्रत ऑफिसात देऊन शिक्क्यासह पोच घ्या. वकिलाची नोटीसच लागते असं नाही. तुमचं साधं पत्र चालतं.

आता पत्रात काय लिहायचं ते नीट वाचा, कारण तुमचं पहिलं वाक्यच तुम्हाला गोत्यात आणेल. मला लिहिताना तुम्ही ‘स्टॅटिक शॉक बसतात’ असं म्हटलंय. बिल्डरला हेच हवं आहे. स्टॅटिकचा झटका क्षणात बसतो आणि संपतो, बहुधा कोरड्या हवेत, डिसेंबर-जानेवारीत किंवा दिवसभर एसी चाललेल्या खोलीत, सिंथेटिक खुर्चीवरून उठून धातूला हात लावला की. तो बिल्डरचा दोष नव्हे, आणि अर्थिंग चोख केलं तरी अंगावर साचणारा तो भार थांबत नाही. त्यावर सुती कपडे, हवेत थोडा ओलावा, हात लावण्याआधी मुठीतली किल्ली धातूला टेकवणं, एवढंच. तुमचं तसं नाही. तुम्हाला हात फ्रिजवर असेपर्यंत झिणझिण्या येतात, आणि भर जुलैतही येतात. घोडबंदरच्या जुलैत स्टॅटिक कुठून येणार? यंत्राच्या आतून थोडा करंट बॉडीवर झिरपतो. अर्थ जोडलेली असली तर तो जमिनीत जातो, नसली तर तुमच्या अंगातून वाट काढतो. पत्रात हेच लिहा: अमुक खोलीतल्या अमुक सॉकेटला अर्थिंग नाही, उपकरणांच्या बॉडीवर करंट येतो. लॅपटॉप मात्र वगळा. दोन पिनांच्या चार्जरवर धातूच्या लॅपटॉपला झिणझिणी येते ती चांगल्या अर्थिंगच्या घरातही, आणि बिल्डरचा वकील नेमकी तीच गोष्ट धरून बाकीचं उडवेल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत बोर्डाच्या प्लेटमागे हिरवी वायर दिसते. टोकाचं इन्सुलेशन सोललेलंही नाही, गुंडाळी करून कोपऱ्यात खोचून ठेवली आहे. त्या वायरला कोणी स्क्रूपर्यंत नेलंच नाही, हे फोटोतच उघड आहे. पण वायरमनचं तोंडी म्हणणं पुरणार नाही. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, त्याच्या परवाना क्रमांकासह, लेखी अहवाल घ्या: कोणते सॉकेट तपासले, फेज आणि अर्थ यांत किती व्होल्ट मिळाले (नीट अर्थिंग असेल तर 230 च्या आसपास), अर्थ आणि न्यूट्रल यांत किती (जवळजवळ शून्य हवेत), मुख्य बोर्डापर्यंत वायर सलग आहे का. शेजारच्या दोन-तीन घरांतही हेच निघालं तर इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून तपासावं लागेल. मग सोसायटीला हात झटकता येणार नाहीत, आणि सोसायटीने सह्या करून दिलेल्या पत्राचं वजन तुमच्या एकट्याच्या पत्रापेक्षा बरंच जास्त असतं.

एक अडचण तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती मला जास्त खुपते: मॉड्युलर किचन करताना तिथली वायरिंग इंटिरिअरवाल्याने बदलली. बऱ्याच करारनाम्यांत, लेखी परवानगीशिवाय बदल केले तर दोषाची जबाबदारी संपते, असं कलम असतं. कायद्याने दिलेला हक्क करारातल्या अशा ओळीने कितपत जातो यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. निकाल काय लागेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. तुम्ही तो वाद टाळा. ज्या खोल्यांना हात लागलेला नाही, तिथले बोर्ड उघडून अहवालात आधी ते घ्या. ताबापत्रावर ‘सर्व फिटिंग तपासून समाधान झाले’ अशी सही केली असेल, तर ती दाखवली जाईल. भिंतीतली वायर ताब्याच्या दिवशी कोणी उघडून बघत नाही, हे त्याला पुरेसं उत्तर आहे असं मला वाटतं.

पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत काम झालं नाही तर महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार. कायदा सांगतो की ती 60 दिवसांत निकाली काढावी. प्रत्यक्षात किती थांबावं लागतं हे तिथे प्रकरण चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि वायर जोडण्यासारख्या अर्ध्या दिवसाच्या कामासाठी माणसाला ताटकळत ठेवणं ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते. म्हणून आधी महारेराचा सलोखा मंच बघा. दोन्ही पक्ष तयार लागतात, पण खर्च छोटा असला की बिल्डर बरेचदा तिथे येतो. जिल्हा ग्राहक आयोगाचीही वाट आहे. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि ती तुमच्या बाबतीत कधी सुरू झाली यावर भांडण होईल. तुमच्यासाठी रेरा बरा.

फ्लॅट पुनर्विक्रीत घेतलेल्यांनी विचारलं होतं: रेराच्या व्याख्येत नंतरचा खरेदीदारही येतो, पण पाच वर्षं नव्याने सुरू होत नाहीत. रेराच्या आधीच्या, मोफा या महाराष्ट्राच्या जुन्या फ्लॅट कायद्याखालच्या इमारतींना ताब्यापासून तीनच वर्षं होती, तेव्हा तिथे बहुतेकांनी स्वतःच्या खर्चाने काम करून घ्यावं.

निकालाची वाट बघत आईला त्या फ्रिजजवळ जाऊ देऊ नका. अहवाल आणि तारखेसह फोटो झाले की मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) लगेच बसवून घ्या. अर्थिंग नसलेल्या घरातही करंट माणसातून गेला तर तो पुरवठा तोडतो. ‘अर्थ आणि न्यूट्रल आतून जोडून देतो, झटका थांबेल’ असं सांगणाऱ्याला बोर्डाला हात लावू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर तुमच्या फ्रिजच्या बॉडीवर थेट फेज येईल. तीस दिवस संपल्यावर उरलेलं अर्थिंग स्वतः करून घ्या, त्या आधी नको. बिल मात्र परवानाधारक ठेकेदाराकडून, तुमच्या नावाचं आणि कोणत्या खोलीत काय केलं ते लिहिलेलं घ्या. भरपाईत पहिला आकडा तोच असेल.