वाचक विचारतात: बॅलेचा झगा एवढा आखूड झाला कसा?

प्रश्न: मुलगी पुण्यात बॅले शिकते. तिच्या क्लासच्या कार्यक्रमात काही मुलींना पोटरीपर्यंत लांब जाळीचा घेरदार झगा होता आणि काहींना कमरेपासून आडवा सरळ उभा राहणारा, थाळीसारखा. दोघांना टुटुच म्हणत होते. यातला जुना कोणता? आणि त्या काळच्या बायका खरंच असे कपडे घालायच्या का?

उत्तर: जुना तो लांबवाला. आणि हो, घालायच्या, म्हणजे अगदी तसाच नाही पण बराचसा तसा. 12 मार्च 1832 ला पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' नावाचा बॅले आला, मारी ताल्योनी त्यात परी झाली होती, बॅले बसवला होता तिच्या वडिलांनी, फिलिप्पो ताल्योनींनी. तिचा तो पांढरा पोशाख, जो युजेन लामी या चित्रकाराच्या नावावर सांगतात, तो नीट बघितलात तर त्या वर्षीचा पार्टीला जायचा ड्रेसच आहे: खांदे उघडे, कंबर घट्ट आवळलेली, खाली घंटेसारखा घेर. फक्त त्या काळच्या फुगलेल्या बाह्या गायब, लांबी थोडी कमी आणि कापड एकदम तलम. थिएटरात बसलेल्या बायकांच्या अंगावर जे होतं त्याचंच हलकं केलेलं रूप स्टेजवर नाचत होतं, आणि मला वाटतं म्हणूनच ते लोकांना एवढं भिडलं. 1841 मध्ये 'जिझेल' आलं तेव्हा तर मेलेल्या मुलींच्या भुतांची अख्खी फौज पांढऱ्या जाळीत, मग पुढे जिकडेतिकडे पांढरंच.

एवढी जाळी परवडायला लागली त्याचं श्रेय जातं इंग्लंडच्या जॉन हीथकोटला. 1809 मध्ये त्याने जाळी विणायच्या मशीनचं पेटंट घेतलं, त्याआधी हे काम हाताने चालायचं. सोबत टार्लटन म्हणून एक विरळ विणीचं सुती कापड असायचं, खळ घालून कडक केलेलं, त्याचे थरावर थर लावले की घेर आपोआप उभा राहतो, आत तार नको की काही नको.

पुढे फॅशन आणि बॅलेची फारकत झाली. 1856 च्या सुमाराला बाहेर पोलादी कड्यांचे पिंजरे स्कर्टखाली आले, घेर एवढा की दारातून जाताना पंचाईत. असला पिंजरा घालून उडी कोण मारणार! बॅलेचा झगा थरांच्या जोरावरच राहिला आणि हळूहळू वर सरकत गेला.

प्रश्न: आखूड झाला तो पायांची कामगिरी दिसावी म्हणून, असं क्लासमध्ये सांगतात. एवढंच कारण?

उत्तर: अर्धं खरं. मारी कामार्गो नावाच्या नर्तकीने 1730 च्या आसपासच पावलं दिसावीत म्हणून झगा घोट्याच्या वर घेतला होता आणि तेव्हा बोंबाबोंब झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटालियन नर्तकी जी गिरक्यांची अवघड कामं करायला लागल्या त्याला लांब घेर आडवाच येणार ना. पिएरिना लेन्यानीने 1895 च्या पीटर्सबर्गच्या 'स्वान लेक'मध्ये एका पायावर लागोपाठ 32 गिरक्या घेतल्या त्या आखूड झग्यातच, तरी तो गुडघ्याच्या आसपास होता, तुम्ही पाहिलेली ती सपाट थाळी विसाव्या शतकातली. पण पॅरिस ऑपेरात पैसेवाल्या वर्गणीदार पुरुषांना नर्तकींच्या दालनात जायची मुभा होती, पाय दिसण्यात त्यांना काहीच तोटा नव्हता, हे क्लासमध्ये कोणी सांगत नाही.

प्रश्न: नर्तकी कपड्यांना आग लागून मरायच्या असं ऐकलं, अतिशयोक्ती आहे ना?

उत्तर: नाही हो. स्टेजवर उघडे गॅसचे दिवे, अंगावर पोकळ थरांची सुती जाळी, ती कापूस पेटावा तशी पेटायची. 1844 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेबस्टर अशीच गेली. फ्रान्समध्ये 1859 ला फर्मान निघालं की स्टेजवरचे कपडे कार्तेरोंच्या आग रोखणाऱ्या रसायनात बुडवलेच पाहिजेत, पण त्याने जाळी ताठ व्हायची आणि पांढरा रंग कळकट दिसायचा. एमा लिव्रीने ते घालायला चक्क नकार दिला, जबाबदारी माझी असं लेखी दिलं. ती मारी ताल्योनीचीच लाडकी शिष्या, 1860 मध्ये ताल्योनीने खास तिच्यासाठी ऑफेनबाखच्या संगीतावर फुलपाखराचा बॅले बसवला होता आणि त्यात फुलपाखराचे पंख मशालीवर जळतात, हे मी रचून सांगत नाहीये. 15 नोव्हेंबर 1862 ला रिहर्सलमध्ये तिने बसायच्या आधी झगा फुलवला, वारा लागून गॅसची ज्योत भडकली आणि ती पेटलेल्या अवस्थेत स्टेजभर धावली. आठ महिने तळमळून जुलै 1863 मध्ये गेली, वय जेमतेम वीस. त्या झग्याचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या म्युझियममध्ये अजून आहेत. तिला वेडी म्हणणं सोपं आहे, पण पिवळट कडक झग्यात परी दिसायची कशी, आणि परी दिसणं हीच तर नोकरी होती.

प्रश्न: मुलीसाठी आता टुटु शिवून घ्यायचाय, लांब की आखूड?

उत्तर: नाच कुठला ते आधी विचारा. 'जिझेल'मधलं काही असेल तर लांब, 'स्वान लेक'चं असेल तर आखूड. आता नायलॉनची जाळी मिळते, खळ लागत नाही, पण नायलॉन वितळून अंगाला चिकटतं म्हणून समई-निरांजनाच्या जवळ फिरकू देऊ नका. आणि थाळीवाला टुटु घेतलात तर कपाटात उलटा टांगा, कंबर खाली आणि घेर वर, सरळ टांगला तर थर लोंबायला लागतात.