रोजचं वचन, कोरडं मन

खानापूरच्या ताई, सलाम.

पहाटे पाळकसाहेबांनी धाडलेलं बायबलमधलं वचन मोबाईलच्या ग्रुपवर येतं. भाकरी थापता थापता, पीठ लागलेल्या अंगठ्यानंच तुम्ही ते निपाणी, चिकोडी, पुण्याच्या नातेवाइकांना पाठवता आणि दुपारी कुठलं वचन होतं तेही आठवत नाही. बेळगावला विश्वास जागवायच्या संजीवन सभेत हुंदके देऊन रडलात, आठवड्यात पुन्हा सगळं कोरडं. ‘माझा विश्वास थंड झाला का? ग्रुप सोडू का?’ असं तुम्ही विचारलंय.

विश्वास थंड झालेल्या माणसाला अशी रुखरुख लागत नाही, ताई. ग्रुपही राहू दे. महिनाभर वचन पुढं पाठवणं मात्र थांबवा.

मुलाला नोकरी नाही म्हणून यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 तुम्ही सगळ्यांत जास्त पाठवता. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे ऐकून जीव निवतो खरा. पण ते वचन एका पत्रातलं आहे. यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं ते धाडलं. त्यात पाचव्या वचनात घरं बांधा, बागा लावा असं सांगितलंय. सातव्यात त्या परक्या नगरासाठी प्रार्थना करायला सांगितलंय. आणि दहाव्यात सुटका 70 वर्षांनी होईल असं आहे! ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना सुटका बघायला मिळणारच नव्हती. तरी त्यांनाच ही आशा दिली. मुलाच्या नोकरीची तारीख या वचनात नाही, वाट बघायच्या दिवसांत कसं जगायचं ते आहे. मला तर यामुळं ते जास्त आधाराचं वाटतं.

चौथ्यापासून चौदाव्या वचनापर्यंत रोज मोठ्यानं वाचा, छापील शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून. सासूबाई कन्नड शास्त्र वाचतात ना? एक वचन त्यांनी कन्नडमधून, पुढचं तुम्ही मराठीतून. मोबाईल दुसऱ्या खोलीत.

सभेतलं रडू खोटं नव्हतं. पण विश्वासाची जागृती एका सभेवर तगत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या, निराधार बायका-मुलींसाठीच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनअखेरीस मोठी जागृती झाली, त्याआधी जानेवारीपासून तिथं रोज जमून प्रार्थना चालली होती. आणि जागृती आली तेव्हा मुलींनी आपापली पापं कबूल केली.

म्हणून तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मला सोडवत नाही. बांधाच्या भांडणापासून निपाणीच्या थोरल्या जावेशी बोलणं नाही, पण वचन मात्र तिलाही रोज जातं. मत्तय 5:23-24 काढा. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायला प्रभूनं सांगितलंय. येत्या रविवारच्या उपासनेआधी तिला फोन लावा. ‘अक्का, बरं आहे ना?’ एवढंच विचारा, जमिनीचा विषय नको. कदाचित ती फोन ठेवून देईल. मग दोन दिवसांनी पुन्हा लावा.