आखाजीचं लग्न, सोळा वर्षांची गरोदर मुलगी आणि नोंदवहीतलं वय

प्रश्न : सातपुड्याच्या पायथ्याशी एका उपकेंद्रात मी एएनएम (सहाय्यक परिचारिका) आहे. नोंदणीला आलेली गरोदर मुलगी शाळेच्या दाखल्यावरून सोळा वर्षांची निघाली. लग्न आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झालं. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितलं, तर म्हणाले, "एकोणीस लिहा, गावात राहायचंय ना?" रात्री तिचा सासरा माझ्या क्वार्टरचं दार बडवून गेला : "आमना घरना मामला शे, तुम्ही मझार पडू नका." मी साहेबांच्या कानावर घातलं आहे. माझी जबाबदारी संपली का?

उत्तर : नाही ताई, संपली नाही.

पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा. त्याच्या कलम १९ नुसार अठराखालच्या मुलीवरचा लैंगिक गुन्हा ज्याला समजला, त्या प्रत्येकावर तो कळवण्याचं बंधन आहे. ते दवाखान्यावर किंवा फक्त साहेबांवर नाही. साहेबांना सांगणं ही खात्याची शिस्त झाली. कायद्याला पोलिसांकडे किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडे दिलेली माहिती लागते. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. साहेबांनाही तेच लागू आहे, हे त्यांना नम्रपणे सांगा.

"लग्न झालंय की" हा बचाव चालत नाही. नवरा असला तरी अठराखालच्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आणि आता भारतीय न्याय संहितेतही तसंच आहे. कोणी तुम्हाला म्हणेल की पोलिसांना कळवताना मुलीचं नाव गुप्त ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालातली ती सवलत गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीपुरती आणि डॉक्टरांपुरती आहे, इथे तिचा आधार घेऊ नका.

चंद्रपूर जिल्ह्यातलं एक प्रकरण लक्षात ठेवा. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचा अत्याचार तिथल्या डॉक्टरांनी कळवला नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयानं त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला, पण २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश फिरवला.

मला ठाऊक आहे, तुम्हाला खरी भीती वेगळीच असेल : पोलीस आले की उद्या कुणी पोर उपकेंद्राची पायरी चढणार नाही, बाळंतपणं घरीच होतील. ही भीती खोटी नाही, आणि माझ्या मते कायद्यानं तिचा नीट विचार केलेला नाही. पण त्यापायी वय खोटं लिहिलंत, तर खोट्या नोंदीचा वेगळा गुन्हा तुमच्या डोक्यावर बसेल, तोही तुमच्याच हस्ताक्षरात.

आज एका कागदावर एवढंच लिहून पोलीस ठाण्यात द्या : "दि. ___ रोजी नोंदणीस आलेल्या मुलीचे (नाव ___) वय शाळेच्या दाखल्यानुसार सोळा असून ती गरोदर असल्याचे आढळले. पुढील कार्यवाहीसाठी माहिती देत आहे." पुरावा गोळा करायला जाऊ नका, मुलीची उलटतपासणी घेऊ नका, ते पोलिसांचं काम. नोंद क्रमांक मागून घ्या, प्रत साहेबांच्या आवक वहीत टाका. ठाण्यात टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. माहिती नोंदवून न घेणं हाही कलम २१ खालीच गुन्हा आहे. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलंय. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांनाही प्रत द्या. मात्र आशाताईंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलीचं नाव टाकू नका. पीडितेची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

आता सासऱ्याचं. महाराष्ट्राच्या २०१० च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्यात नर्सला कामावरून धमकावणंही 'हिंसा' धरलं आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. समोरचा वकील म्हणेल, रात्री बाई ड्युटीवर नव्हत्या. म्हणून धमकी नोंदणीच्या कामावरूनच होती, हे तक्रारीत त्याच्याच शब्दांत लिहा. आणि काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावी मुक्कामाची परवानगी लेखी मागा. त्याच अर्जात त्या मुलीची पुढची तपासणी कोण करणार, हेही साहेबांकडून लिहून घ्या.