मागे दिलेला पास

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ तुझ्याकडे आलाय आणि तू विचारतेस, "सर, मला शिकवायला जमेल का?" उत्तर द्यायच्या आधी तुला इगोर लारिओनोवबद्दल सांगतो. आपण मैदानावर खेळलो, तो बर्फावर; पण तुझ्यासमोरचा प्रश्न त्याने आयुष्यभर वागवला आहे.

लारिओनोव 1960 सालचा, मॉस्को प्रांतातल्या वोस्क्रेसेन्स्कचा. आइस हॉकीतल्या धिप्पाड गड्यांमध्ये तो अंगाने किरकोळच. पण पुढची चाल त्याला आधी दिसायची, म्हणून त्याला 'प्रोफेसर' म्हणत. 1981 मध्ये तो सीएसकेए या लष्कराच्या संघात गेला. दोन बाजूंना क्रुतोव आणि माकारोव, मागे फेतिसोव आणि कसातोनोव. या पाचजणांचा खेळ जमेल तिथे नक्की बघ. समोर वाट बंद दिसली की ते पक, म्हणजे चेंडूच्या जागी असणारी रबरी चकती, मागे द्यायचे, पुन्हा जुळणी करायचे आणि नव्या वाटेने चढायचे. उत्तर अमेरिकेत तेव्हा पक पुढे भिरकावून त्यामागे धावण्याची रीत होती. मागे पास देणं ही माघार नाही, हे या पाचांनी दाखवलं. 1984 ला साराएव्होत आणि 1988 ला कॅल्गरीत ऑलिंपिक सुवर्ण मिळालं.

त्यांचे प्रशिक्षक होते व्हिक्तोर तिखोनोव. त्यांच्या हाताखाली खेळाडू वर्षातले दहा-अकरा महिने शिबिरात असायचे. बायको-मुलं जवळच्याच शहरात, तरी भेटायला परवानगी लागायची. ऑक्टोबर 1988 मध्ये लारिओनोवने 'ओगन्योक' साप्ताहिकात तिखोनोवना उघडं पत्र लिहिलं. आम्हीही माणसं आहोत, आम्हाला घरं आहेत, असं कोंडून ठेवू नका, हा त्या पत्राचा गाभा. लष्कराच्या संघातल्या खेळाडूने, देशाला सुवर्णपदकं मिळवून देणाऱ्या प्रशिक्षकाला, सोव्हिएत काळात! पुढच्या वर्षी तो कॅनडात व्हँकुव्हरकडून खेळायला गेला.

आता अवघड भाग. तू म्हणशील, अकरा महिने एकत्र राहिले म्हणूनच तर त्यांना न बघता एकमेकांची जागा कळायची. मीही खूप वर्षं हेच म्हणत आलो. पण ऑक्टोबर 1995 मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट संघाचे प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी पाच रशियनांना एकत्र उतरवलं: फेतिसोव, लारिओनोव, फ्योदोरोव, कॉन्स्तान्तिनोव, कोझलोव. फेतिसोव 37 वर्षांचा, कोझलोव 23 चा. लारिओनोव तर नुकताच सॅन होजे संघातून आलेला. सराव संपला की जो तो आपापल्या घरी. तरीही तोच मागे-पुढे विणला जाणारा खेळ काही दिवसांत उभा राहिला आणि त्या मोसमात डेट्रॉइटने 62 सामने जिंकले, तेव्हाचा विक्रम. 1997 मध्ये त्यांनी 42 वर्षांनी स्टॅन्ले चषकही, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचं विजेतेपद, आणला. पाचही जण सोव्हिएत शाळेतच घडले होते, हे खरं. त्या शाळेची विद्या त्यांच्या अंगात होती, फक्त दाराला कुलूप नव्हतं. कुलपावाचून विद्या टिकते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

2002 च्या स्टॅन्ले चषकाच्या अंतिम मालिकेत तिसऱ्या सामन्याच्या तिसऱ्या जादा डावात विजयी गोल लारिओनोवनेच केला, वयाच्या 41 व्या वर्षी. 2004 मध्ये तो थांबला, पण मुख्य प्रशिक्षक व्हायला साठी आली. नोव्हेंबर 2020 मध्ये फिनलंडमधल्या कर्याला चषकासाठी रशियाने वीस वर्षांखालची पोरं पाठवली, लारिओनोवच्या हाताखाली. समोर मोठ्यांचे राष्ट्रीय संघ, आणि पोरांनी तिन्ही सामने जिंकले. त्यानंतर एडमंटनच्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत मात्र चौथा क्रमांक आला, पदक नाही. दोन्ही निकाल लक्षात ठेव, तुझ्याही वाट्याला दोन्ही येतील. 2022 ते 2025 मध्ये रशियातल्या निझ्नी नोवगोरोदच्या तोरपेदो संघातही त्याने पक ताब्यात ठेवणारा, चढाईचाच खेळ खेळवला. म्हणजे तिखोनोवच्या काळातला खेळ त्याने घेतला आणि बराक तिथेच सोडली.

हे सगळं तुलाच का लिहितोय, ते सांगायला हवं. तुझ्या मावसबहिणीचं लग्न होतं, पुढच्या आठवड्यात स्पर्धा होती, आणि मी तुला सोडलं नाही. "एक दिवस गेला तर लय जाते" म्हणालो. तू मान खाली घालून सरावाला उभी राहिलीस. त्या दिवशी तुझा एकही पास चुकला नाही, आणि मी त्याला माझी शिस्त समजलो. मला उघडं पत्र लिहायला तुझ्याजवळ कुठलं साप्ताहिक नव्हतं. चूक माझी होती, पोरी. हे फार उशिरा म्हणतोय.

तुला जमेल. पहिल्या आठवड्यात गोल मारायला शिकवूच नकोस. तीन-तीन जणींचे गट कर आणि अट घाल की पुढे जाण्याआधी एक पास मागे गेलाच पाहिजे. सुरुवातीला गोंधळ होईल, आरडाओरडा होईल, होऊ दे. आणि मे महिन्यातल्या शिबिराचं वेळापत्रक केलंस की मला पाठव. रविवार मोकळा ठेवलास का, ते आधी बघेन.

तुझे,
सर